तुटक बाई

आमच्या मंत्रालयाच्या इतिहासात सगळ्यांत कमी वेळात झालेला पूल मी बांधला. त्याला सिमेंट लागलं नाही, लोखंड लागलं नाही, फीत कापायला कुणी आलं नाही. एक काळं बॉलपेन, एक सहा इंची पट्टी आणि जेवणाच्या सुट्टीतली चार मिनिटं, एवढ्या सामग्रीवर मी तो या काठापासून त्या काठापर्यंत नेऊन टेकवला. वर दोन पावलं मागे सरकून, मान तिरकी करून, आपलं काम कसं दिसतंय तेही पाहिलं. छान दिसत होतं.

झालं होतं असं. मी तेव्हा पायाभूत सुविधा आणि प्रादेशिक विकास मंत्रालयात वार्षिक अहवाल लिहायला नवा नवा लागलो होतो. मंत्रालयाचं नाव एवढं लांब, की टेलिफोनवरच्या बाईंनी ते उच्चारून 'बोला' म्हणेपर्यंत पलीकडचा माणूस आपण फोन कशासाठी केला ते विसरलेला असे. माझी नोकरी कच्ची होती. सहा महिन्यांनी पक्की व्हायची होती आणि त्यातले साडेचार झाले होते. अहवालात घालायचा नकाशा घेऊन यायला मला तळघरातल्या नकाशा-खोलीत पाठवलं. खोलीत कुणी नव्हतं. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर नकाशा पसरलेला होता, आणि त्यात एका नदीवरून जाणारी एक रेघ मध्ये मध्ये तुटलेली होती. बाकीच्या रेघा कशा आरपार! ही मात्र जराशी जायची, थांबायची, पुन्हा जराशी जायची. मी मनात म्हटलं, पेनातली शाई संपत आली असणार बिचाऱ्यांची. सरकारी पेन. माणसाने एकमेकांच्या उपयोगी पडावं. खिशातून पेन काढलं आणि त्या रेघेतल्या अकराच्या अकरा फटी पट्टी लावून भरून टाकल्या.

आता हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, की नकाशात अखंड रेघ म्हणजे झालेलं काम आणि तुटक रेघ म्हणजे व्हायचं काम. नकाशाच्या कोपऱ्यात सूची असते, तिच्यात तसं लिहिलेलंही असतं. पण मी पडलो अहवाल लिहिणारा. वाचायची सवय मला नव्हती.

नकाशा छापला गेला, अहवालाच्या दोन हजार प्रती देशभर गेल्या, आणि तीन आठवड्यांनी एका मंगळवारी माझ्या टेबलावर एक पत्र आलं. कुठल्याशा नदीपलीकडच्या वस्तीतल्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचं. अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं टपोरं.

'महोदय, आपल्या वार्षिक अहवालाच्या पान एकेचाळीसवर आमच्या नदीवरील पूल पूर्ण झाल्याचे पाहून अतिशय आनंद झाला. काल शाळेतील सर्व मुलांना तो पूल दाखवण्यास घेऊन गेले. पूल सापडला नाही. आम्ही एक मैल वर व एक मैल खाली जाऊन पाहिले. तरी तो नेमका कुठे आहे हे कळवावे. आमचा होडीवाला सत्तरीचा आहे, आणि पाणी चढले की दोन-दोन महिने होडी घालत नाही. त्या दिवसांत दवाखाना त्या काठावर राहतो व आजारी माणूस या काठावर राहतो. पूल सापडल्यास तो वापरण्यास आम्ही सर्व तयार आहोत.'

पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो. दुसऱ्यांदा पान एकेचाळीस उघडलं, माझी ती सुबक रेघ ओळखली, आणि अहवाल मिटून उठलो.

पत्र घेऊन मी तळघरात गेलो, तुटक बाईंकडे.

तुटक बाई हे नाव त्यांना कुणी ठेवलं याची कागदोपत्री नोंद नाही, पण ठेवणाऱ्याने एका दगडात दोन पक्षी मारले होते. नकाशा-खोलीच्या त्या मुख्य ट्रेसर, म्हणजे पारदर्शक कागदावर नकाशे हुबेहूब उतरवणाऱ्या. हाताने तुटक रेघ अशी ओढायच्या, की एक तुकडा दुसऱ्यापेक्षा केसभर लहान निघायचा नाही. आणि बोलणंही तसंच. दोन शब्द, मग फट. पुन्हा दोन शब्द, मग फट. फटीत काय भरायचं ते ऐकणाऱ्याने आपलं आपण भरायचं. वरच्या मजल्यावरच्या एक नव्या अधिकारी बाई एकदा मोठ्या ऐटीत खाली आल्या होत्या, तो संवाद अजून मंत्रालयात सांगतात.

"मूळ नकाशा मिळेल का?"

"नाही."

"का?"

"मूळ आहे."

"मग मला काय मिळेल?"

"प्रत."

"कधी?"

"हात धुऊन या."

हात धुणं हा त्या खोलीचा पहिला नियम. दाराशीच बेसिन, नळाला सुतळीने बांधलेला साबण, शेजारी घडी घातलेला पंचा. हात धुतल्याशिवाय, आणि मुख्य म्हणजे कोरडे केल्याशिवाय, नकाशाला कुणी बोट लावायचं नाही. मागे एका मंत्र्यांनाही त्यांनी बेसिन दाखवलं होतं. मंत्री धुऊन आले. 'कोरडे नाहीत,' म्हणून त्यांना परत पाठवलं. बाई स्वतः काम सुरू करताना बोटातली अंगठी काढून शाईच्या बाटलीच्या झाकणात ठेवायच्या, कोपराखाली टिपकागद घ्यायच्या, आणि डबा कधीही खोलीत उघडायच्या नाहीत. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून जेवायच्या. म्हणूनच त्या दिवशी खोली मोकळी होती आणि माझ्यातल्या पूल बांधणाऱ्याला रान मोकळं मिळालं.

त्यांचे वडील याच मंत्रालयाचा रस्ते दाबायचा रोलर चालवायचे. बाई एकोणिसाव्या वर्षी परीक्षा द्यायला आल्या तेव्हा कागदभर तुटक रेघ मारून दाखवायला सांगितलं होतं. परीक्षकाने भिंग लावून पाहिलं आणि विचारलं, "शेवटचा तुकडा लहान का?" बाई म्हणाल्या, "कागद संपला." नोकरी लागली. त्यानंतर अडतीस वर्षांत मंत्रालयाचं नाव पाच वेळा बदललं, दर वेळी पाट्या नव्या आल्या, टेलिफोनवरच्या बाईंची जीभ नव्याने वळवावी लागली. तळघर तेच राहिलं. निळ्या प्रती काढायच्या यंत्रातल्या अमोनियाने बाईंचं नाक केव्हाच गेलं होतं. दूध करपलेलं त्यांना वासावरून कळत नसे. चुलीवरचा आवाज बदलला की कळायचं. देशातला प्रत्येक रस्ता त्यांच्या हाताखालून गेलेला, पण स्वतः त्या गावाबाहेर दोनदाच गेल्या होत्या. एका मोठ्या महामार्गाच्या उद्घाटनाला सगळ्या कर्मचाऱ्यांना बसने नेणार होते. "चला की बाई, रस्ता बघायला," कुणीतरी म्हणालं. बाई म्हणाल्या, "काढलाय." आणि गेल्या नाहीत.

तर अशा बाईंच्या हातात मी ते पत्र दिलं. अर्थात हात धुऊन. त्यांनी ते वाचलं, कपाटातून मूळ नकाशा काढला, काचेवर पसरला, खालचा दिवा लावला आणि भिंग घेऊन नदीपाशी वाकल्या.

"ही रेघ माझी नाही."

"कशावरून?" मी विचारलं. आवाज जमेल तेवढा निरागस ठेवला.

"पोट आहे हिला."

म्हणजे काय, हे विचारायची माझी छाती होईना. त्यांनी आपणहून सांगितलं. शाईच्या पेनाची रेघ सपाट असते. बॉलपेन टेकवलं की सुरुवातीला रेघ फुगते. एवढं सांगून त्यांनी माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे पाहिलं. खिशात पेन होतं.

"बॉलपेन तर सगळ्यांकडेच असतं, बाई," मी म्हणालो.

"असतं. फटी किती भरल्या असतील?"

"अकरा," मी म्हणालो.

म्हणालो, आणि माझ्या लक्षात आलं की निष्पाप माणसाला हा आकडा माहीत असायचं काही कारण नव्हतं. बाईंनी भिंग खाली ठेवलं. मोजलंसुद्धा नाही.

मग त्या जिना चढून तिसऱ्या मजल्यावर नियोजन शाखेत गेल्या, मी मागोमाग. बाई तळघर सोडून वर आल्या हे पाहून दोन-तीन जण खुर्चीतून उठले. पुढच्या पाच वर्षांत देशभर कोणते रस्ते, कोणते पूल बांधायचे त्यांची यादी तिथे तयार होत होती. यादी करणारा कारकून मोठा सज्जन माणूस. त्याने पान उलटून दाखवलं. नदीवरच्या त्या पुलावर लाल शाईची काट मारलेली होती आणि समोर शेरा होता, 'पूर्ण'.

"नकाशात अखंड रेघ दिसली, काढून टाकला," तो म्हणाला. "झालेला पूल पुन्हा कोण बांधतं, बाई?"

"यादी कधी जाते?"

"शुक्रवारी. दुपारी बारा वाजता मंत्र्यांची सही. मग पाच वर्षं तिकडे बघायचं नाही."

मंगळवार संपत आला होता. मधे बुधवार आणि गुरुवार, असे दोनच दिवस होते. तेवढ्यात तो पूल यादीत परत आला नाही, तर त्या वस्तीला आणखी पाच वर्षं सत्तरीचा होडीवाला पुरवून वापरावा लागणार होता.

बुधवारी साहेबांकडे बैठक झाली. आमचे सहसचिव वाईट मनुष्य नव्हते. फक्त एखादी चूक कबूल करण्यापेक्षा तिच्याभोवतीने वळसा घालून रस्ता काढायची त्यांना आवड होती. मंत्रालय रस्त्यांचं, त्याला ते तरी काय करणार!

"आपण पूल झाला असं छापलंय," साहेब म्हणाले. "आता नाही म्हणायचं, तर गेला कुठे ते सांगावं लागेल. कोसळला म्हटलं तर?"

"चौकशी लागेल, साहेब," यादीवाला म्हणाला. "कशाने कोसळला, वर कोण होतं..."

"मग दुरुस्तीच्या कामांत घालू. दुरुस्ती म्हणून नवाच बांधायचा."

"दुरुस्तीआधी पाहणी लागते. अभियंता जाईल, आणि तोही त्या मुख्याध्यापिकेसारखा मैलभर वर, मैलभर खाली शोधत फिरेल."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "असं करू. पुढच्या यादीत बघू."

"पाच वर्षांनी," बाई म्हणाल्या.

"पाच वर्षं म्हणजे काही जन्म नव्हे, बाई."

"होडीवाला सत्तरीचा आहे."

साहेबांनी शेवटी विचारलं, "मूळ नकाशा काय म्हणतो?"

"चुकीचं म्हणतो. दुरुस्त होईल."

"आणि हे केलं कुणी?"

मी बुटांकडे पाहायला लागलो. डाव्या बुटाची नाडी उजवीपेक्षा लांब आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"वहीत येईल," बाई म्हणाल्या.

"आत्ता सांगा ना."

"तोंडी सांगत नाही मी."

इथे ही वही म्हणजे काय ते सांगायला हवं. नकाशा-खोलीत एक दुरुस्ती-वही होती. मूळ नकाशावर एक रेघ वाढवायची असो की पुसायची असो, आधी वहीत चार रकाने भरायचे: आधी काय होतं, आता काय केलं, का केलं, आणि चौथ्यात, ज्याच्या हातून चूक झाली त्याची सही. वहीत उतरली की ती दुरुस्ती, आणि ती साहेबांनाच काय, मंत्र्यांनाही नाकारता येत नसे. वहीत न उतरता केली तर ती खाडाखोड. रेघ तीच, ती खरडायचं ब्लेड तेच, पण एकीला नियमाचा आधार आणि दुसरीला शिक्षा.

साहेबांना नियम पाठ होता. ते म्हणाले, "शुक्रवारी दहापर्यंत वही सहीनिशी आली तर यादीला जोडीन. सही नसेल तर मी ती खाडाखोड समजेन. आणि खाडाखोड तुमच्या खोलीत झालेली असेल, बाई. चार महिन्यांवर निवृत्ती आहे तुमची. बघा."

बाईंनी बघितलं. साहेबांकडे नाही, माझ्याकडेही नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे. आणि जेवणाची वेळ झाली म्हणून उठून गेल्या.

गुरुवारी दिवसभर मी तळघराच्या जिन्यापर्यंत पाच वेळा गेलो आणि पाच वेळा परत आलो. माझी बुद्धी एकाच ठिकाणी घिरट्या घालत होती: रेघ खरडता येते, तर गुपचूप खरडून टाकावी, पूलही यादीत येईल आणि माझी नोकरीही पक्की होईल. हे ऑफिसात बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी बाईंचं घर शोधत गेलो.

घर म्हणजे पुढे शिवणकामाचं दुकान आणि मागे दोन खोल्या. बाईंचे यजमान शिंपी. दारात शाळेचे गणवेश टांगलेले, आत कापायचं मोठं टेबल, त्यावर खडूने आखलेली एक पँट. कोपऱ्यात बाईंची नणंद काजं करत बसली होती.

"या, या," यजमान म्हणाले. "तुम्हीच का ते पूलवाले?"

"बाईंनी सांगितलं?"

"छे हो! ती सांगते होय! 'एक जण आहे. पुलाची तुटक रेघ भरलीय', एवढंच म्हणाली. पण दुकानात शिरताना तुम्ही ज्या तोंडाने शिरलात, त्यावरून कळलं. माप द्यायला आलेला माणूस असा येत नाही."

नणंदेने सुई न थांबवता म्हटलं, "वहिनी घरात दिवसाला वीस शब्द बोलते. कालच्या वीसातले सात तुमच्यावर गेले. आम्हाला जेवायला बसा म्हणायलासुद्धा उरले नाहीत."

"तुला बरी जळजळ!" यजमान म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "हे बघा, साहेब. मी कोट शिवतो. आधी धावदोरा घालतो, कच्चा, टाका वर, टाका खाली. गिऱ्हाईक अंगात घालून बघतं. बसला तर पक्की शिलाई. ही बाई अडतीस वर्षं तिकडे धावदोराच घालत आली आहे. पक्की शिलाई दुसऱ्यांनी करायची. आणि तुम्ही काय केलंत? धावदोऱ्यालाच कोट म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात दिलात."

"पेनातली शाई संपली असेल असं वाटलं मला, काका."

हे ऐकून नणंदेची सुई पहिल्यांदा थांबली. ती इतकी हसली की तिला मांडीवरचा सदरा बाजूला ठेवावा लागला. "दादा, ऐकलंस का? शाई संपली म्हणे! आपल्या वहिनीची!"

तेवढ्यात बाई चहाचे कप घेऊन आतून आल्या. माझ्यासमोर एक ठेवला आणि स्टुलावर बसल्या. मी घसा साफ केला.

"बाई, रेघ खरडायला किती वेळ लागतो?"

"दोन मिनिटं."

"तेच म्हणतो मी! दोन मिनिटांचं काम. मग वही कशाला मध्ये? तुम्हाला माहीत, मला माहीत. पूल यादीत आला म्हणजे झालं ना? त्या लोकांना वहीशी काय करायचंय?"

बाईंनी कप खाली ठेवला आणि मग जे बोलल्या ते मी त्यांच्याकडून ऐकलेलं सगळ्यांत लांब बोलणं.

"उद्या दुसरा कुणी येईल. त्याला खरा पूल नकाशातून घालवायचा असेल, नाहीतर नसलेला पूल घुसवायचा असेल. तोही म्हणेल, दोन मिनिटांचं काम आहे, बाई. तुम्हाला माहीत, मला माहीत. त्याला मी नाही कशाच्या जोरावर म्हणू?"

नणंद बोटं मोजत होती. "झालं," ती हळूच दादाला म्हणाली, "आता आठवडाभर आपल्याशी काही बोलायची नाही ही."

"माझी नोकरी जाईल का, बाई?" मी विचारलं.

माझी अपेक्षा होती की त्या म्हणतील, काही होत नाही हो, घाबरू नका. वडीलधाऱ्या माणसांनी असं म्हणायचं असतं. बाई म्हणाल्या, "माहीत नाही."

"मग?"

"चहा घ्या. निवतोय."

मी चहा घेतला. यजमानांनी मला दारापर्यंत पोचवलं आणि जाता जाता माझा खांदा नजरेने मापून म्हणाले, "डावा खांदा उतरलाय तुमचा. कोट शिवाल तेव्हा सांगा, आत थोडा कापूस घालू."

शुक्रवारी सकाळी मला धीर आला, असं म्हणणं खोटं ठरेल. धीर-बीर काही आला नव्हता. दाढी करताना फक्त त्या मुख्याध्यापिका डोळ्यांसमोरून हलेनात: मागे पोरांची रांग, आणि सगळे काठाकाठाने माझा पूल शोधत चाललेले. एक मैल वर गेल्यावर कुणीतरी नक्की म्हटलं असेल, आपणच चुकीच्या नदीवर आलो असू. सरकार कसं चुकेल! हे मनात आलं आणि हनुवटीला कापलं.

नऊ वाजता मी तळघरात होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, हनुवटीवरच्या कागदाच्या तुकड्याकडे पाहिलं आणि बेसिनकडे बोट केलं. मी हात धुतले. कोरडे केले. वही समोर आली.

पहिले दोन रकाने त्यांनी भरून ठेवले होते. तिसऱ्यात, 'कारण', मी अहवाल-लेखकाला शोभेल असं लिहायला घेतलं: 'प्रस्तुत कर्मचाऱ्याकडून कार्यबाहुल्यामुळे अनवधानाने परंतु सर्वस्वी सद्हेतूने...'

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी वाचलं. "कार्यबाहुल्य कुठलं?"

"नव्हतं तसं," मी कबूल केलं.

"सद्हेतू काढा."

"पण हेतू चांगलाच होता हो, बाई!"

"नकाशाला दिसत नाही."

शेवटी त्या रकान्यात तीनच शब्द राहिले: 'सूची वाचली नाही.' मी चौथ्यात सही केली. आयुष्यात मी लिहिलेल्या सरकारी मजकुरात एवढं नेमकं वाक्य दुसरं नाही.

मग बाईंनी अंगठी काढून झाकणात ठेवली, नवं ब्लेड सोडवलं आणि खरडायला सुरुवात केली. दोन मिनिटांच्या कामाला त्यांना दीड तास लागला. दोन मिनिटं लागतात ती शाईला. बॉलपेन ट्रेसिंगच्या कागदात खोल बसतं, हे त्यांनी काल सांगितलं नव्हतं. जोर जास्त झाला तर कागद फाटणार, कागद फाटला तर अख्खा नकाशा नव्याने काढायचा, आणि बारा वाजता सही. ब्लेड कागदावर जवळजवळ आडवं धरून त्या पापुद्रा पापुद्रा उचलत होत्या, ब्रशने झटकत होत्या, खालच्या दिव्यात बघत होत्या. नवव्या फटीशी कागद इतका पातळ झाला की उजेड त्यातून वेगळाच यायला लागला. बाई थांबल्या. चष्मा वर केला. मी श्वास रोखला होता तो त्यांना ऐकू आला असावा.

"बाहेर जा," त्या म्हणाल्या.

मी बाहेर जाऊन जिन्यावर बसलो. साडेदहा झाले होते. साहेबांची दहाची वेळ टळून गेली होती. अकराव्या फटीनंतर त्यांनी मला हाक मारली. नदीवर पुन्हा ती जराशी जाणारी, जराशी थांबणारी रेघ होती. लिफ्ट नेहमीप्रमाणे दोन मजल्यांच्या मध्ये उभी असल्याने मी वही घेऊन, आणि बाई नकाशाची गुंडाळी घेऊन, चार मजले चढलो.

"उशीर झाला, बाई," साहेब म्हणाले. "दहा म्हणालो होतो."

"बॉलपेन होतं," बाई म्हणाल्या.

साहेबांनी वही उघडली. वाचली. सही पाहून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे तुम्ही?"

"हो, साहेब."

"आणि कारण एवढंच?"

"एवढंच, साहेब."

त्यांनी बराच वेळ त्या तीन शब्दांकडे पाहिलं. वळसा घालायला त्यात कुठे जागा नव्हती. मग त्यांनी घंटी वाजवून यादीवाल्याला बोलावलं. यादी टाइप होऊन बांधलेली होती, म्हणून पूल शेवटी, चौसष्टाव्या क्रमांकावर, हाताने लिहावा लागला, आणि सोबत वहीच्या पानाची प्रत जोडली गेली. बाराला पाच मिनिटं असताना फाइल वर गेली. सव्वाबाराला सही होऊन खाली आली. मंत्र्यांनी चौसष्टाव्या क्रमांकाबद्दल काही विचारलं का, असं मी यादीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "विचारलं ना. म्हणाले, हे अक्षर कुणाचं इतकं वाईट?"

माझी कच्ची नोकरी आणखी सहा महिने कच्ची राहिली. तसं पत्र आलं, त्यात शेवटी 'संबंधिताने सूची वाचण्याची सवय लावून घ्यावी' असंही होतं. मुख्याध्यापिकांना मी कळवलं, की पूल न सापडण्याचं कारण तो अजून बांधलेला नाही हे आहे, तरी आता तो यादीत आहे आणि चूक माझी होती. त्यांचं उलट टपाली उत्तर आलं: 'कळले. मुलांना सांगितले. ती म्हणतात, पुढच्या वेळी आधी पूल बांधावा व मग नकाशा काढावा.' पूल चार वर्षांनी झाला. होडीवाल्याने पहिल्या दिवशी त्यावरून चालून पाहिलं आणि फार उंच आहे म्हणाला, असं नंतर ऐकलं.

पण त्या शुक्रवारी दुपारी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सही होऊन आल्याचं सांगायला मी तळघराकडे निघालो तेव्हा बाई तिसऱ्या पायरीवर बसून जेवत होत्या. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचा घास घेतला. मी दोन पायऱ्या खाली बसलो. खरं सांगायचं तर मला थोडं कौतुक हवं होतं. माणूस आपल्या हाताने आपल्या नोकरीवर घाव घालतो, तर कुणीतरी शाबास म्हणावं, एवढीच इच्छा. बाई शाबास म्हणायच्या नाहीत हे दिसत होतं. म्हणून मीच जरा आडून विचारलं.

"बाई, समजा मी आज सकाळी आलोच नसतो. सही करायला कच खाल्ली असती. तर पुलाचं काय केलं असतंत तुम्ही?"

बाईंनी डब्याचं झाकण लावलं, बोटं एकेक करून पुसली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"अडतीस वर्षं ट्रेसिंग करतेय, तुमची सही मला तुमच्यापेक्षा बरी येते."